कॉलेजच्या डिंगी रेगाट्यात पंच कुठे असतो?

सांजवारा
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक बॉस्टनजवळ शिकते आणि कॉलेजच्या सेलिंग टीममध्ये आहे. आम्ही नाशिकचे, पाण्याशी आमचा संबंध गोदाघाटापुरता. सध्या तीन महिने तिच्याकडे आहे, म्हणून गेल्या शनिवारी चार्ल्स नदीवर तिचा रेगाटा, म्हणजे डिंगींच्या (छोट्या शिडाच्या बोटींच्या) शर्यती, बघायला गेले. एप्रिल असूनही बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. छोट्या छोट्या सारख्या दिसणाऱ्या अठरा बोटी, प्रत्येकीत दोघं. शर्यत पंधरा-वीस मिनिटांत संपायची, की लगेच पुढची. दोन शर्यती झाल्या की मुलं एकमेकांच्या बोटी बदलून घ्यायची, ते का ते कळलं नाही. भोंगे तर सारखे वाजत होते.

आता मुद्दा. शेवटच्या शर्यतीत लेक पाचवी होती. वरच्या केशरी फुग्याला वळसा घालताना तिच्या शिडाचा आडवा दांडा त्या फुग्याला घासला. माझ्या हातात दुर्बीण होती म्हणून मला दिसलं. पुढच्या बोटी निघून गेल्या होत्या, मागच्यांचं लक्ष आपापल्या शिडाकडे. जवळ पंचाची बोट नव्हती. कोणी काही बोललं नाही. आणि ही बाजूला झाली, बोट जागच्या जागी गोल फिरवली आणि मग पुढे निघाली. पाचवीची नववी झाली. टीमचा तिसरा नंबर दोन गुणांनी हुकला.

तिच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, कोणी पाहिलंच नव्हतं तर फिरायचं कशाला? रात्री मलाही झोप येईना. तिला अजून काही विचारलेलं नाही, ती परीक्षेच्या गडबडीत आहे. इथे कोणी हा खेळ खेळलेलं असेल तर नियम समजावून सांगा ना. पंच नसतोच का?

बोटक्लबवाला
रेगाटा शब्द वाचला आणि धावत आलो! आम्हा सीओईपीवाल्यांना (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) रेगाटा म्हणजे मुळा नदी, काठावर गच्च भरलेली गर्दी, पंटवरची (सपाट तळाच्या होड्यांवरची) फॉर्मेशन्स, बाण आणि अंधार पडल्यावर मशाली. पण आमचं सगळं वल्ह्यांचं. शिडाचं मला काही माहीत नाही. तरी एक सांगतो ताई, तुमच्या लेकीने केलं ते वाचून छान वाटलं. बाकी जाणकार सांगतीलच, इथे बसून वाचतो.

जिबवाली
सांजवाराताई, मी चार वर्षं अमेरिकेत कॉलेजसाठी सेलिंग केलंय, क्रू म्हणून. म्हणजे पुढचं लहान शीड, जिब, माझ्याकडे असायचं आणि सुकाणू व मोठं शीड स्किपरकडे. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते, जरा लांबेल.

तुम्ही पाहिलेल्या बोटी बहुधा फोर-ट्वेंटी किंवा एफजे असणार. फोर-ट्वेंटी म्हणजे ४.२० मीटर लांबीची, मूळ फ्रेंच. एफजे म्हणजे फ्लाइंग ज्युनियर, १९५५ च्या सुमारास हॉलंडमध्ये जन्मली. कॉलेजच्या शर्यतींत दोन्हींना स्पिनेकर (पुढचं मोठं फुगणारं शीड) नाही, ट्रॅपीझ (बोटीबाहेर लटकायची तार) नाही. मुद्दाम साध्या ठेवलेल्या. बोटी यजमान कॉलेजच्या, पाहुणे फक्त आपले कपडे आणि लाइफ जॅकेट घेऊन येतात.

म्हणूनच अदलाबदल. कितीही सारख्या बनवल्या तरी एखादीचं शीड जुनं, एखादीची डोलकाठी किंचित वाकडी, एखादी तळाशी पाणी पिते. मग दोन शर्यतींचा एक सेट, सेट संपला की पुढची बोट. चांगली बोट सगळ्यांच्या वाट्याला येते, रडकीही येते. आमच्याकडे अकरा नंबरची बोट होती, तिचं सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात सोडायची फळी, खाली जाताना अडकायचं. पाहुण्यांना ते आधी सांगणं यजमानांचं काम, आणि आम्ही सांगायचो.

प्रत्येक कॉलेजच्या दोन जोड्या असतात, ए डिव्हिजन आणि बी डिव्हिजन. ए चा सेट होतो, मग बी चा. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, म्हणजे जितके कमी तितके चांगले. दोन्ही डिव्हिजनची बेरीज म्हणजे कॉलेजचा आकडा. अठरा कॉलेजं असतील आणि बोट बाद झाली तर १९ गुण. इतर बऱ्याच स्पर्धांत सगळ्यात वाईट शर्यत वगळायची सोय असते, कॉलेज सेलिंगमध्ये ती नाही. प्रत्येक शर्यत मोजली जाते. त्यामुळे तुमच्या लेकीला चार जागांचे चार गुण पुरतेच भोवले.

भोंग्यांचं गणित: सुरुवातीला तीन मिनिटांची मोजणी असते. तीन मिनिटं उरली की तीन लांब. दोन मिनिटांना दोन लांब. दीडला एक लांब, तीन आखूड. एक मिनिटाला एक लांब. मग तीस सेकंदांना तीन आखूड, विसाला दोन, दहाला एक, शेवटचे पाच सेकंद एकेक, आणि शून्याला लांब भोंगा. कान त्याकडे, डोळे वाऱ्याकडे आणि बोट रेषेच्या आत थोपवून धरायची. रेषा आधी ओलांडली तर परत मागे येऊन सुरुवात. तो शेवटचा लांब भोंगा आजही स्वप्नात ऐकू येतो मला.

आणि पंच. तुम्ही पाहिलं त्या प्रकारात, फ्लीट रेसिंगमध्ये (सगळ्या बोटी एकत्र, प्रत्येक आपापली), पाण्यावर निकाल देणारा पंच सहसा नसतो. रेस कमिटी असते, ती सुरुवात करते, शेवट नोंदवते. नियम पाळायचे खेळाडूंनी. फुग्याला, म्हणजे मार्कला, लागलं तर एक गोल: एक टॅक (बोटीचं तोंड वाऱ्यातून नेत वळणं), एक जाइब (पाठ वाऱ्यातून नेत वळणं). दुसऱ्या बोटीच्या हक्काच्या वाटेत आलात तर त्याच दिशेने दोन गोल. हे कोणी सांगायची वाट बघायची नसते. नियमांच्या पुस्तकात पहिल्या भागाच्याही आधी हेच लिहिलंय, की नियम मोडला तर बोट लगेच योग्य ती शिक्षा स्वतः घेईल, आणि गरज पडली तर शर्यत सोडेल.

शंकासुर
तत्त्व म्हणून ठीक आहे, पण मी असहमत. स्पर्धा म्हटली की तटस्थ माणूस हवा. क्रिकेटमध्ये बॅटला कड लागली तरी अंपायरने बोट वर केल्याशिवाय फलंदाज जात नाही, त्याला कोणी चोर म्हणत नाही. इथे एकीने प्रामाणिकपणे गोल मारला, दुसऱ्या दहा जणींनी नाही मारला तर? प्रामाणिक मुलीचंच नुकसान. ज्या नियमाची अंमलबजावणी होत नाही तो प्रामाणिक माणसावर लावलेला कर आहे.

सुमती७
शंकासुरांशी थोडी सहमत. पण लेकीचं कौतुक वाटतंच.

जिबवाली
शंकासुर, अंमलबजावणी होत नाही असं नाही. आजूबाजूच्या सतरा बोटी म्हणजे चौतीस जोडी डोळे. कुणीही पाहिलं तर ताबडतोब "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं. सहा मीटरपेक्षा लहान बोटींना लाल निशाण लावावं लागत नाही, ओरडलं की पुरे. पण लगेच. अर्ध्या मिनिटानं आठवलं तर ते धरत नाहीत. चुकलेल्याने गोल मारला तर प्रश्न मिटला. नाही मारला तर काठावर लेखी तक्रार आणि सुनावणी.

ही सुनावणी बघण्यासारखी असते. माझ्या दुसऱ्या वर्षात आम्ही एका घटनेत अडकलो होतो. बोटहाऊसच्या मागची खोली, टेबलावर खेळण्यातल्या इवल्या बोटी, एक लाल, एक निळी. तीन जण समोर बसलेले. माझ्या स्किपरने लाल बोट घेतली, वारा कुठून होता ते हाताने दाखवलं आणि बोट पुढे सरकवली. मग समोरच्या टीमच्या मुलाने निळी सरकवली. दोघांच्या गोष्टीत अंतराचा फरक. मार्कभोवती तीन बोट-लांबींचं वर्तुळ धरतात, आमच्या बोटींसाठी साधारण साडेबारा मीटर. त्या वर्तुळात पहिली बोट शिरताना दोघी एकमेकींना लागून आहेत का, यावर आतल्या बोटीला वळायला जागा द्यायची की नाही ते ठरतं. मला विचारलं, तू काय पाहिलंस? मी जिबच्या खाली वाकलेली होते. मला त्यांची नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दिसली होती, पण वर्तुळात शिरल्यावर, आधी नाही. तेवढंच सांगितलं. आमचाच निकाल विरुद्ध गेला. स्किपर तासभर बोलली नाही माझ्याशी, मग तिनेच गरम सूप आणून दिलं.

देवबागकर
आमच्याकडे मासेमारीच्या होड्यांच्या शर्यतीत असं काही झालं तर खोलीत नाही, किनाऱ्यावरच सुनावणी व्हायची. आणि आवाज पार तारकर्लीपर्यंत जायचा :)

पण एक विचारू? दोन बोटी समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची? आमच्या आजोबांच्या वेळी शिडाच्या होड्या होत्या. ते म्हणायचे, ज्याला वारा मोकळा मिळतोय त्याने वाकायचं, जो वाऱ्याशी झुंजत चाललाय त्याला जाऊ द्यायचं.

जिबवाली
देवबागकर, तुमच्या आजोबांचं सूत्र जुनं आणि शहाणपणाचं आहे. शर्यतीत मात्र पहिलं बघतात की वारा कुठल्या कुशीवर आहे. वारा उजव्या बाजूने घेणारी बोट स्टारबोर्ड टॅकवर, तिला वाट. डाव्या बाजूने घेणारी पोर्ट टॅकवर, तिने बाजूला व्हायचं. दोघी एकाच टॅकवर आणि शेजारी शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या बाजूची बोट खालचीला वाट देते. मागची पुढचीला. वळत असलेली सगळ्यांना. आणि हक्क कुणाचाही असो, टक्कर टाळणं दोघींवर बंधनकारक. एवढं पाठ असलं की ऐंशी टक्के प्रसंग निभतात. पोर्टवर असताना समोरून "स्टारबोर्ड!" अशी आरोळी आली की पोटात गोळा येतो.

कुलाबा_नेव्हल
धागा वाचून चाळीस वर्षं मागे गेलो. ऐंशीच्या दशकात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो, मुंबईत. आमच्याकडे एंटरप्राइज बोटी. जॅक होल्टने १९५६ मध्ये काढलेलं डिझाइन, निळी शिडं. जेट्टीवरून ती निळी रांग सुटली की लोक थांबून बघायचे. १९८२ च्या एशियाडमधलं सेलिंग मुंबईतच झालं होतं आणि फायरबॉल वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे आम्हा पोरांच्या अंगात नुसतं वारं संचारलं होतं.

सांजवाराताई, मार्कला लागणं हा नदीत एक प्रकार आणि मुंबईच्या बंदरात दुसरा. उधाणाला इथे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओहोटी लागली की पाणी असं खेचतं की तुम्ही मार्कच्या दोन हात वरून चाललाय असं वाटतं आणि पाणी तुम्हाला आडवं त्याच्यावर नेऊन टाकतं. वारा पडलेला असेल तर काहीच करता येत नाही. मी एकदा असा लागलो, गोल मारायला गेलो, वारा नाही म्हणून गोल पुरा होईना, आणि अर्ध्या गोलात पाण्याने पुन्हा मार्कवर नेलं. पुन्हा लागलं. शेवटी शेवटून दुसरा आलो. पण जेट्टीवर आमच्या पेटी ऑफिसरने सगळ्यांसमोर माझी बोट उचलायला हात लावला. तो कधी कुणाच्या बोटीला हात लावायचा नाही.

त्यामुळे आमच्याकडे शर्यतीची तारीख तिथी बघून ठरायची. अष्टमी-नवमीच्या आसपास, भांगाचं पाणी (भरती-ओहोटीचा फरक कमी) असताना. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा नवशिक्यांची शर्यत ठेवायची नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने बोटी उलट्या घालून ठेवलेल्या.

एफवाय_मेकॅनिकल
मी मुंबईत शिकतो, आणि सेलिंगचा बेसिक कोर्स केलाय. आम्हा काही मुलांच्या मनात आंतरमहाविद्यालयीन डिंगी शर्यत भरवायचं आहे. सहा कॉलेजं मिळतील असं वाटतंय. प्लीज कोणी सांगेल का काय काय लागतं?

परदेशी_पाटील
ड्राय सूट लागेल का रे? :)

एफवाय_मेकॅनिकल
मुंबईत? सनस्क्रीन लागेल काका.

दोरखंड
मी खेळाडू नाही, पण बरीच वर्षं रेस कमिटीच्या बोटीवर काम केलंय. एफवाय, नीट ऐक.

आधी गणित. सहा कॉलेजांना सहा बोटी पुरतात, कारण ए आणि बी आलटून पालटून त्याच बोटी वापरतील. प्रत्येक जोडीने प्रत्येक बोटीत दोन शर्यती करायच्या म्हटल्या तर एका डिव्हिजनच्या बारा, दोन्ही मिळून चोवीस. बोटी बदलायच्या वेळेसकट एका शर्यतीला पंचवीस मिनिटं धर. दहा तास झाले. म्हणजे दोन दिवस, आणि तेही वाऱ्याने साथ दिली तर. मुंबईत सकाळी वारा मेलेला असतो, दुपारी समुद्रावरून येतो. सकाळी सातला मुलांना बोलावून उन्हात वाळवू नकोस.

अदलाबदलीचा तक्ता आदल्या रात्री कागदावर तयार हवा, पाण्यावर ठरवायचा नाही. कोणती जोडी कोणत्या सेटला कोणत्या बोटीत, ते जेट्टीवर चिकटवायचं. मोडलेल्या बोटीची वेळ लिहून ठेवायची, कारण बोटीतल्या बिघाडाने नुकसान झालं तर ती जोडी दाद मागू शकते.

दोन कागद लागतात. शर्यतीची सूचना, ती आधी पाठवायची: कुठे, केव्हा, कोण भाग घेऊ शकतं, कोणत्या बोटी. आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, त्या दिवशीच्या: मार्गाचा आकार, मार्कचा रंग, सुरुवातीची पद्धत, तक्रार कधीपर्यंत द्यायची. नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी बदलतं. सध्याचं २०२५ ते २०२८ चं आहे, जुनं छापून वाटू नकोस. कलमांचे क्रमांकही हलले आहेत.

मार्कचा नांगर आणि दोर. दोर पाण्याच्या खोलीपेक्षा बराच लांब हवा, नाहीतर भरती आली की मार्क चालू लागतो. मी स्वतः पाहिलंय, शर्यत सुरू असताना फुगा शांतपणे बंदराबाहेर निघाला होता आणि पहिली बोट त्याच्या मागे. त्या दिवशी सगळी शर्यत रद्द करावी लागली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेफ्टी बोट. सहा डिंगींना किमान दोन, चालू इंजिनाच्या, ज्यांना आपलं दुसरं काही काम नाही अशा. फोटोग्राफर त्यात बसवायचा नाही. जेट्टीवर वही ठेव. पाण्यात जाताना प्रत्येकाची सही, परत आल्यावर सही. संध्याकाळी दोन्ही रकाने जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. वारा किती झाला की थांबवायचं तो आकडा सकाळीच, शांत डोक्याने ठरवून लिहून ठेव. दुपारी सगळे तापलेले असतात तेव्हा ठरवू नकोस.

कुलाबा_नेव्हल
दोरखंड यांच्या शेवटच्या परिच्छेदाला दोन्ही हातांनी अनुमोदन. वहीमुळे एकदा आम्हाला कळलं की एक पोरगा कमी आहे. तो आधीच किनाऱ्यावर उतरून वडापाव खायला गेला होता, पण ती वीस मिनिटं कशी गेली ते मलाच ठाऊक.

एफवाय, पहिल्या वर्षी खडकवासल्यासारखं धरणाचं पाणी मिळालं तर बघ. भरती-ओहोटी नाही. एनडीएचे कॅडेट तिथेच शिडं शिकतात. परवानग्या घ्याव्या लागतील, पण डोक्याचा अर्धा ताप कमी.

मर्सीकाठ
मी इंग्लंडमध्ये, मर्सी नदीच्या जवळ राहते. मुलगा इथल्या विद्यापीठाकडून टीम रेसिंग करतो. इथे फायरफ्लाय बोटी वापरतात. उफा फॉक्सचं डिझाइन, आणि १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये पॉल एल्व्हस्ट्रॉमने याच बोटीत आपलं पहिलं सुवर्ण मिळवलं होतं.

शंकासुरांच्या प्रश्नाचं एक उत्तर टीम रेसिंगमध्ये आहे. तिथे एका बाजूला तीन बोटी, दुसऱ्या बाजूला तीन. सहा जणांच्या क्रमांकांची बेरीज २१. ज्यांची बेरीज १० किंवा कमी, ते जिंकले. म्हणजे पहिला नंबर येऊनही हरता येतं: १, ५ आणि ६ आलात तर १२, गेलात. आणि २, ३, ५ आलात तर १०, जिंकलात. त्यामुळे पुढचा खेळाडू मुद्दाम मागे थांबून प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवतो, आपल्या गड्याला पुढे काढतो. डोकं गरगरतं बघताना.

तर इथे पाण्यावर अंपायर असतात, मोटरबोटीतून मागे मागे फिरतात. पण ते सगळ्यात आधी बोलत नाहीत. एकाने प्रोटेस्ट म्हटलं की दुसऱ्याला आधी संधी: चूक मान्य असेल तर एक गोल मार आणि जा. मान्य नसेल तर अंपायरकडे निर्णय मागतात, आणि निकाल विरुद्ध गेला तर दोन गोल. अंपायर हजर असतानाही नियम आधी खेळाडूलाच विचारतो. माझा मुलगा पहिल्या वर्षी सगळे वाद अंपायरकडे न्यायचा. आता बरेचदा स्वतःच फिरतो. म्हणतो, आई, मला माहीत असतं गं.

शंकासुर
मर्सीकाठ, हे मला माहीत नव्हतं. एक आणि दोन गोलांचा फरक फार आवडला. माझा मुद्दा थोडा बदलतो: फ्लीट रेसिंगमध्येही अशी काही सवलत असायला हवी. पण "प्रामाणिकावर कर" हे मी मागे घेतो. जिबवालींची सुनावणी वाचली. आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायची आणि तरी टीममध्ये राहायचं, हे क्रिकेटमध्ये मी पाहिलेलं नाही.

बोटक्लबवाला
अवांतर: या खेळात शिष्यवृत्ती वगैरे मिळते का? म्हणजे एवढ्या थंडीत मुलं का जातात?

जिबवाली
नाही मिळत. अमेरिकेत कॉलेज सेलिंग एनसीएएमध्ये (तिथली कॉलेज खेळांची मोठी संघटना) नाही. इंटरकॉलेजिएट सेलिंग असोसिएशन ही वेगळी संघटना बघते, तिची मूळ संस्था १९३० ची, आणि सेलिंगसाठी शिष्यवृत्ती द्यायला तिच्या नियमांत बंदी आहे. चार्ल्सकाठचं एमआयटीचं सेलिंग पॅव्हिलियन १९३६ चं. सांजवाराताईंना दिसलं असेल, पुलाच्या अलीकडे.

मुलं का जातात? एकदा चांगला रोल टॅक जमला की कळतं. वळताना दोघं एकाच वेळी बोट कलवतात आणि एकाच वेळी उठून सरळ करतात, बोट अशी सटकन निघते. (त्यालाही नियम आहे बरं! वळल्यानंतरचा वेग, वळलोच नसतो तर जेवढा असता त्याहून जास्त होता कामा नये. शीड पंख्यासारखं हलवायचं नाही, सुकाणू वल्ह्यासारखं चालवायचं नाही. वारा नेईल तेवढंच जायचं.)

सुमती७
"वारा नेईल तेवढंच जायचं." किती छान.

परदेशी_पाटील
मदतीचं काय? कुणी उलटलं तर थांबायचं की पुढे जायचं?

दोरखंड
पुस्तकातलं पहिलं कलमच ते. संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची, शर्यत गेली तरी. आणि मदतीत वेळ गेला तर नंतर भरपाई मागता येते. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन वर्गात दुसरा चालला होता. वेगळ्याच एका शर्यतीतले सिंगापूरचे दोन खेळाडू पाण्यात पडलेले दिसले, हा वळला, त्यांना बाहेर काढलं. त्या शर्यतीपुरता त्याला दुसरा क्रमांक दिला गेला, आणि पिअर द कुबर्तां पदकही. साधं उलटणं मात्र रोजचं आहे. दोघं सेंटरबोर्डवर उभे राहतात, बोट सरळ करतात, शिव्या घालत पाणी उपसतात. त्यांना विचारायचं, "ठीक आहात?" आणि उत्तर ऐकून मगच पुढे.

सांजवारा
सगळ्यांचे किती आभार मानू. तीन दिवस हा धागा मी चहाचा कप घेऊन वाचतेय.

काल रात्री लेकीची परीक्षा संपली, तेव्हा विचारलं. म्हटलं, कोणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, दांडा फुग्याला लागला ना, तो धक्का शिडाच्या दोरीतून माझ्या मुठीत आला. क्रूनेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं." मी विचारलं, मग तिसरा नंबर गेल्याचं वाईट वाटतंय का? तिला वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं. म्हणाली, "मी लगेच फिरले नाही. चार-पाच सेकंद नुसती विचार करत बसले, लागलं की नाही लागलं. तेवढ्यात मागच्या चारही बोटी मार्कला पोचल्या आणि मला बाजूला व्हायला जागाच राहिली नाही. ताबडतोब फिरले असते तर दोनच पुढे गेल्या असत्या." कोचसुद्धा एवढंच बोलले म्हणे, लवकर फिर.

शंकासुर
थांबा, हिशेब करतो. चार जागांऐवजी दोन गेल्या असत्या तर दोन गुण वाचले असते, आणि तिसरा नंबर दोनच गुणांनी हुकला होता. म्हणजे बरोबरी झाली असती! ताई, तिला सांगा, पुढच्या वेळी विचार न करता फिर.

जिबवाली
कोच बरोबर आहेत. आमच्याकडे सरावात मुद्दाम करायला लावायचे: शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे गोल. नीट जमला तर गोल बारा-पंधरा सेकंदांत होतो. तिच्या क्रूलाही सांगा, लागलं असं वाटलं की "फिर" एवढा एकच शब्द मोठ्याने म्हणायचा. ते क्रूचं काम आहे, स्किपरचे डोळे पुढे असतात.

सांजवारा
सांगितलं. तिच्या क्रूला मराठी येत नाही, पण "फिर" हा शब्द आता दोघींनी पक्का केलाय!

बाबांनाही रात्री पूर्ण धागा वाचून दाखवला. कुलाबा_नेव्हल यांच्या पेटी ऑफिसरची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, तिला फोन लाव.

एफवाय_मेकॅनिकल
दोरखंड सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून घेतला. दोन कॉलेजांनी होकार दिलाय. जानेवारीतली अष्टमी बघतोय.

कुलाबा_नेव्हल
शाब्बास. तारीख पक्की झाली की इथे लिही, वही सांभाळायला मी येतो. सांजवाराताई, येत्या शनिवारी पुन्हा जाणार का? गेलात तर वारा कुठल्या बाजूने आहे ते आधी बघा आणि मार्कच्या खालच्या अंगाला उभ्या राहा. सगळी गंमत तिथे दिसते.

सांजवारा
जाणार तर! साडेआठला खेळाडूंची बैठक आहे, पहिला भोंगा साडेनऊला. वायव्येचा वारा सांगितलाय, बारा ते अठरा नॉट. थर्मास आणि दुर्बीण घेतली आहे. लेक म्हणाली, टोपी हनुवटीखाली बांधून ये.